पलंगाखालची हद्द

दोन काउंट्यांमधली हद्द नव्याने आखणाऱ्या मोजणीवाल्या पोरीने तिसरी खुंटी ऑर्फाच्या टोमॅटोच्या वाफ्यात ठोकली आणि चौथीसाठी ती दारात येऊन बूट काढू लागली. घरात खुंटी ठोकता येत नाही, म्हणून झोपायच्या खोलीत जमिनीवर तिने नारिंगी पट्टी चिकटवली. पट्टीच्या पश्चिमेला सगळं घर, पलंगासकट, ब्रॅडॉक काउंटीत गेलं. टालमन काउंटीच्या वाट्याला खिडकीखालची अडीच फुटांची चिंधी तेवढी उरली.

"जुनी मोजणी साखळीने केलेली," ती ओशाळून म्हणाली. "टेकड्यांत घोळ झाला त्यांचा."

ऑर्फा लिंडक्विस्ट एकतीस वर्षं टालमनची काउंटी क्लार्क होती, आठ वेळा निवडून आलेली. लग्नाचे परवाने, जमिनीचे दस्त, मतपत्रिका, सगळ्यांवर तिची सही. काउंटीत माणसं चारशे सत्तर, गुरं किती ते गुरांनाच ठाऊक. आणि कोर्टहाऊसच्या तळमजल्यावरची तिची खोली म्हणजे निम्म्या काउंटीचं माहेर. कुंपणाचं भांडण असो की पोरीचं लग्न, माणूस आधी तिच्या टेबलाशी कॉफी घेणार आणि मग कामाचं बोलणार. पण कायदा सरळ होता: काउंटीचा पदाधिकारी काउंटीतच राहणारा हवा.

दुपारी ती वरच्या मजल्यावर डेल ह्रुस्काकडे गेली. तो काउंटीचा वकील. त्याच्या दोन्ही लग्नांचे परवाने तिनेच लिहिले होते. त्याने दोन जाडजूड पुस्तकं चाळली आणि चेहरा पाडून बसला.

"हद्द घरातून गेली, तर माणूस जिथे झोपतो ते त्याचं राहणं. मी उलटंपालटं करून पाहिलं, सुटका नाही. तुम्ही पट्टीच्या पलीकडे एखादी खाट टाका ना. कोण बघायला येतंय?"

"टालमनमध्ये राहते म्हणून कागदावर सही मलाच करायची ना. बेचाळीस वर्षं त्या माणसाचं घोरणं ऐकत झोपलेय, डेल. आता खुर्चीसाठी वेगळी खाट टाकू?"

डेलने पुस्तकं मिटली. खाली येऊन तिने राजीनाम्याच्या दोन ओळी टाइप केल्या, कागद पर्समध्ये ठेवला, आणि कुणी नाही असं बघून थोडं रडून घेतलं. मग टेबल पुसून घरी निघाली.

घरी झोपायच्या खोलीतून खरडल्यासारखा आवाज येत होता. तिचा नवरा वर्लिन गुडघ्यांवर बसून पलंगाचे बोल्ट आवळत होता. खिडकीखालचं शिवणयंत्र त्याने बाहेर काढलं होतं आणि पलंग भिंतीला नेऊन भिडवला होता. नारिंगी पट्टी आता पलंगाखाली, बरोबर मधून, उशीपासून पायथ्यापर्यंत गेली होती.

"डॉक्टरने तुला खुर्चीसुद्धा उचलू नको म्हणून सांगितलंय," ती म्हणाली.

"उचलला कुठे, ढकलला. डेलने फोनवर सांगितलं सगळं. भिंतीकडची बाजू तुझी, टालमन. इकडची माझी."

तिला हसू आलं, आणि हसता हसता ती थांबली.

"म्हणजे तुझं मत ब्रॅडॉकला जाणार. पुढच्या वेळी मला देता यायचं नाही तुला."

वर्लिन पाना फिरवत राहिला. बोल्ट केव्हाच घट्ट बसला होता.

"मी कधी दिलंच नाही तुला," तो खालीच बघत म्हणाला. "दर वेळी दुसऱ्याला दिलं. पडलीस तर संध्याकाळची घरी असशील, एवढंच डोक्यात."

"आठही वेळा?"

"एकदा समोर कुणी उभंच नव्हतं. तेव्हा कोरं टाकलं."

ऑर्फा दारातच उभी राहिली. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती, आणि उठायला त्याने एका हाताने पलंगाचा खूर धरला होता.

"आता बघत काय उभी राहिलीस," तो म्हणाला. "तिकडून धर जरा. डगमगत नाही ना बघ."

तिने पर्स खाली ठेवली आणि आपल्या बाजूने पलंग धरला.