बाळ येता घरी

धोंडिबांनी लॅपटॉपवर एका बोटाने शेवटचं अक्षर दाबायचं सोडून चष्मा काढला.

"मृणाल, ही ओवी मी काल पुरी केलेली ना गं?"

मृणाल भाजी निवडत होती. देठ मोडला, पण मान वर झाली नाही.

"परवाही केलेली. पोळ्याला बैल सजवावा तसं एकेक अक्षर शोधून लावतो मी, आणि सकाळी बघतो तर अर्धीच. मीच टाकून उठत असेन." ते हसले. "खोपटच्या एसटी डेपोत डोळे मिटून इंजिन खोलायचो. आता ही गत. सोमवारी कल्याणला डोक्याच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. कलावतीच्या ओव्या आता तूच लिही. माझ्या हातून जातील."

टिटवाळ्याच्या नव्या इमारतीतल्या त्या घरात मृणालने भाजीची पुढची जुडी ओढली.

धोंडिबांची बायको कलावतीबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या ओव्या धोंडिबांच्या ओठांवर उरल्या होत्या. ते सांगायचे, त्यांचा मुलगा सम्यक टाइप करायचा. त्याचा जुना फॉन्ट फक्त जुन्या विंडोजवर चाले, म्हणून त्याने आपल्या लिनक्समध्ये त्या विंडोजचं व्हर्च्युअल मशीन बसवलेलं; घरातच दुसरं घर. बायकोसाठी, मृणालसाठी, लॅपटॉपच्या झाकणावर चिठ्ठीही चिकटवलेली: 'फुली दाबून बंद करू नकोस, आधी आतलं विंडोज शटडाऊन कर. डिस्कवर दहा जीबी मोकळी ठेव. लिनक्स अपडेट करताना आतलं मशीन बंद हवं. बिघडलं तर स्नॅपशॉटवर परत ये, तो घेतला तेव्हा मशीन होतं तसंच मिळेल, नंतरचं जाईल. घाबरू नको गं.'

शेवटचा स्नॅपशॉट त्यानेच घेतलेला, टाइप करता करता. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, तो परत आलाच नाही. त्याला सात महिने झाले.

तेव्हापासून दुपारी धोंडिबांचा डोळा लागला की मृणाल मशीन त्या स्नॅपशॉटवर परत नेई. त्याने सोडलेलं पान तसंच उघडे. आठ दिवसांपूर्वी म्हातारा स्वतः टाइप करायला बसला, तेव्हाही तिने नेम मोडला नाही. बाबांना काय, वेळ जातो, उद्या पुन्हा लिहितील.

तिने ताट बाजूला सारलं.

"बाबा, तुम्ही विसरत नाही. मी पुसते."

"काय पुसतेस?"

"तुम्ही लिहिलेलं. रोज. मला ते पान त्याने ठेवलं तसं हवं असतं."

धोंडिबांनी चष्मा लावला. पडद्यावर ओळ होती:

दिवा लावियला, वात सारिते पुढं
बाळ येता घरी, अंगण होई वे

"मग ह्यातलं त्याचं कुठवर?"

तिने बोट ठेवलं. "घरी. इथवर."

म्हातारा पडद्याकडे वाकला. ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडायला हवं होतं.

धोंडिबांनी सावकाश एकेक अक्षर मागे खोडत नेलं, आणि 'घरी'पाशी येऊन हात मांडीवर घेतला.

"सोमवारचा नंबर रद्द कर," ते म्हणाले. "आणि ही अशीच राहू दे. पुढची सांगतो, ती लिही."