यंदाची चटणी

"एवढा धूर, एवढा ठसका... दुकानात पाकीट मिळतंय की," स्नेहल नाकाला ओढणी लावून पुटपुटली. सासूला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण गेलं तर बरंच, इतक्या मोठ्यानं.

"पाकीट तुझ्या म्हायेरी पाठव," बायडाबाई म्हणाली आणि कढईतली मिरची परतत राहिली.

सुनेचं तरी काय चुकलं? दरसाल ह्या कामाला तिची गरजच पडायची नाही. भाजायचं बायडानं आणि डंकावर, मिरची कुटायच्या गिरणीत, नेऊन कुटून आणायचं गल्लीतल्याच झुंबरनं. एक मुरगूडची, दुसरी पेठ वडगावची. दोघी एकाच वर्षी ह्या गल्लीत लग्न होऊन आल्या. दोघींनी मेसमध्ये कॉलेजच्या पोरांना चपात्या लाटून घातल्या, आपापल्या सासवांना शिव्याही जोडीनंच घातल्या. वर्षाची चटणी दोघींच्या घरची आणि समोरच्या प्रीतीची, अशी एकाच ढिगातली.

थंडीत झुंबरच्या छातीत कळ आली. नवऱ्याला म्हणाली, जरा चहा ठेवा. चहाला उकळी यायच्या आत सगळं आटोपलं. तेव्हापासून "झुंबरचं तसं झाल्यापासनं" एवढंच गल्लीत बोललं जायचं. त्याच्या पुढं कुणी जात नव्हतं. बायडाही नाही.

"काकी, यंदा ऱ्हाऊ दे की," दारात येऊन प्रीती म्हणाली. "झुंबरकाकींचं तसं झाल्यालं, आणि..."

"आणि काय? माणसं जेवायची थांबली व्हय? आकारामभावजींची बरणी रिकामी हाय. दरसाल हुती तश्शी चटणी हुणार."

मग ती स्वतःच डंकावर जाऊन बसली. मिरची, धणे, खोबरं, तळलेला कांदा, लसूण, सगळं झुंबर सांगायची त्याच क्रमानं उखळात गेलं. "मावशी, दरसाल येती ती तुमची जोडीदारीण कुठाय?" डंकवाल्यानं बोलता बोलता विचारलं आणि जीभ चावली.

"तू कूट गप," बायडा म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. डंकावर ती एक सोय असते, मिरचीचं नाव सांगता येतं.

संध्याकाळी लेकानं, संग्रामनं, चटणी-भाकरी खाल्ली. "बरी हाय, आई." प्रीतीनंही खिडकीतून ओरडून सांगितलं, "छान झालीया, काकी!" बायडानं स्वतः बोटभर चाखली. काहीतरी कमी लागत होतं. सर्दीनं माझीच जीभ गेलीय, असं तिनं स्वतःला बजावलं आणि पाणी प्यायली. जेवणं झाल्यावर स्नेहल ताटं उचलत होती. संग्रामच्या ताटाच्या कडेला मिठाचे दाणे राहिले होते. बायडानं ते पाहिले आणि पाहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती भरलेली बरणी घेऊन झुंबरच्या घरी गेली. तिचा नवरा आकाराम जेवायलाच बसला होता. त्यानं चटणीत खळगा करून तेल ओतलं, भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला. चावता चावता त्याचा जबडा थांबला. मग तो उठला, फळीवरून मिठाचा डबा काढला आणि चिमूटभर मीठ चुरून चटणीवर भुरभुरलं.

"बरी हाय, वैनी," ताटाकडे बघत तो म्हणाला.

बायडा फळीकडे बघत होती. डब्याच्या जागेमागं पांढरं धुतलेलं फडकं घडी करून ठेवलं होतं. दरसाल झुंबर घरनं खडेमीठ भाजून ह्याच फडक्यात बांधून न्यायची आणि डंकावर उखळात ओतायची, तिन्ही घरांचं एकदमच. किती, ते कुणी कधी विचारलं नाही. मीठ आणायचं असतं, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

"काय बरी हाय?" बायडा म्हणाली. "अळणी हाय. पावसाळ्यात बुरशी धरंल."

तिनं ते फडकं खाली घेतलं, झटकलं, मांडीवर पसरलं.

"समद्यांच्या बरण्या गोळा करतो आणि उद्या परत डंकावर न्हेतो. मीठ द्या हिकडं, भाजाय पायजे."

"तुम्ही कशाला वैनी?" आकाराम पटकन म्हणाला. "मिठाचं झुंबर बघती..."

पुढचा घास त्याच्या हातातच राहिला. बायडानं डबा स्वतःकडे ओढला आणि फडक्यावर पहिली मूठ ओतली.

"झुंबर मेली, भावजी," ती म्हणाली.