एका मुशीत दोघांचं

ऋषिराजने सांडशीत धरलेली कॉम्प्युटरची डिस्क भट्टीत घातली, तेव्हा मतीन दारातच थांबून आपल्या वाट्याला काय येतं ते मोजत होता. दिल्लीपासून मदुराईपर्यंत ऋषिराजच्या बापाची, उदयसिंहांची, सोनं गाळायची जेवढी दुकानं, तेवढ्यांची मशीनं दुरुस्तीला त्याच्याकडे येणार होती. सांगलीत विश्रामबागेतल्या एका खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला हे पुष्कळ झालं. बदल्यात करायचं काय, तर पोलीस जप्तीला यायच्या आत विट्याच्या या कारखान्यातलं मशीन चालू करून द्यायचं. आणि कॅमेऱ्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

कॅमेऱ्यात काय आहे ते गल्लीला ठाऊक होतं. मुशीत सोनं कमी भरलं म्हणून ऋषिराजने बापाच्या वयाच्या कारागिराच्या, नानासोंच्या, तोंडावर सांडशी चालवली होती. ते पडल्यावरही चालवली होती. नानासो आता सांगलीच्या दवाखान्यात जबडा तारांनी बांधून नळीने पेज पीत होते. कमी भरलेलं सोनं पुढे भट्टीच्या राखेतच सापडलं. ते लगेच तिजोरीत गेलं. दवाखान्यात कुणी गेलं नाही.

भट्टीतून काळा, उग्र धूर आला.

"कुठली काढली?" मतीनने विचारलं.

"नवी. कॅमेरे बसवताना तूच घातली हुतीस न्हवं? जुनी मशीनची, नवी कॅमेऱ्याची. दोन गिऱ्हाइकांचं सोनं एका मुशीत घालत्यात व्हय रं?"

विट्यातल्या सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांची पोरं हा धडा पाळण्यातच शिकतात. दुसरा धडा असा, की वितळल्यावर दागिन्याची ओळख उरत नाही. ऋषिराजला दोन्ही पाठ होते. मतीनने मात्र दोघांचं एकाच मुशीत घातलं होतं. दोन्ही डिस्क जोडून त्यांवर त्याने एकच सामायिक जागा आखली होती. युनिक्सचं ते मशीन उठायचं ते त्या जागेवरूनच, आणि जे लिहायचं ते दोन्ही डिस्कवर सारखंच लिहायचं. एक डिस्क मेली तर ते उठता उठता अडून बसे. एका ओळीची आज्ञा दिली की उरलेल्या डिस्कवर उभं राही. सगळ्यासकट. नानासोंच्या जबड्यासकट.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर चार ओळी उमटल्या आणि मशीन अडलं.

मतीनला बरंच वाटलं. मेलेलं मशीन कुणाचं नाव घेत नाही. त्याने खुर्ची मागे सरकवली.

"न्हाई उठत, आबा. अर्धं अंग जाळलंय त्याचं. मी नवं बसवून देतो."

उदयसिंह गादीवर बसून पानाला चुना लावत होते. "नवं बघून फौजदारीणबाई ओवाळणार हाय व्हय आपल्याला? पुरावा मोडला म्हणून बापलेकाला आत घालंल. हेच चालू पायजे."

"आवं, होत न्हाई म्हन्तोय."

"भाव वाढवतोय बघा," ऋषिराज हसून म्हणाला, आणि हसता हसताच त्याने सांडशी फिरवली.

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा तोंडावर. मतीन टेबलावर कोसळला तसं ऋषिराजने त्याचे केस धरून डोकं दोनदा कडेवर आपटलं, मग त्याचा डावा पंजा टेबलावर दाबून सांडशीचं तापलेलं टोक त्यावर टेकवलं. कातडी चरचरली. मतीन ओरडला ते भट्टीच्या पंख्याच्या आवाजात विरून गेलं.

"उजवा ऱ्हाऊ दे," उदयसिंह म्हणाले. "त्येला टाईप करायचं हाय."

मतीनने उजव्या हाताने ती ओळ टाइप केली. मशीन उठलं.

"उठलं की, गड्या!" ऋषिराजने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मघाशीच केलं असतंस तर?"

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर सरकली. बापलेकांना त्यातलं काही लागत नव्हतं. मतीनला दिसत होतं: कॅमेऱ्याचा सगळा साठा, त्या दिवशीच्या तारखेसकट, जागच्या जागी. पुसायला आणखी एक ओळ पुरे होती. त्याने तीही टाइप केली आणि बोट एंटरवर नेलं.

तोंडात काहीतरी हललं. त्याने तळहातावर थुंकून पाहिलं. दात होता. तो शर्टाच्या खिशात टाकून त्याने ती ओळ शेवटाकडून एकेक अक्षर खोडत आणली.

"आन् कॅमेऱ्याचं काय?" उदयसिंहांनी विचारलं.

"ते भट्टीत गेलं न्हवं, आबा. ह्यांनीच घातलं की."

फौजदारीणबाई आल्या, सोबत एक शिपाई. त्यांनी मशीन बघितलं, मग मतीनचं तोंड बघितलं.

"याला काय झालं?"

"जिन्यावरनं पडला," ऋषिराज म्हणाला.

कारखान्याला जिना नव्हता. बाईंनी एकदा छताकडे पाहिलं.

"आता न अडता उठतंय, मॅडम," मतीन म्हणाला. ओठ सुजल्याने शब्द जड येत होते. "कवाबी लावून बघा."

शिपाई मशीन उचलायला वाकला, तसा ऋषिराज पुढे झाला. "जड हाय. सरा, मी घेतो."

मशीन कवेत धरून तो जीपपर्यंत गेला. धक्का लागू नये म्हणून त्याने खाली गोणपाट अंथरलं.

जबडा नानासोंचा गेला. दात आणि हाताची कातडी मतीनची, आणि दिल्ली ते मदुराईच्या दुकानांचं कामही त्याचंच गेलं. ऋषिराजची तोवर एक डिस्क गेली होती. दुसरी त्याने गोणपाटावर अलगद ठेवली आणि जीपचं दार लावून घेतलं.