सुधारलेली गाडी

माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर तो लोकांच्या नाकांवर फ्रेमा नीट बसवतो, तांदळाच्या कणीएवढे स्क्रू पिळतो आणि संध्याकाळी घरी येऊन माझी गाडी सुधारतो. "ज्याला एवढा बारीक स्क्रू बसवता येतो, त्याला मोठा का नाही येणार?" हे त्याचं शास्त्र. सासूबाईंना ते पटतं. मला कुणी विचारलेलं नाही.

गाडी माझी आहे हे इथेच सांगून ठेवते, कारण घरात ते कुणाच्या लक्षात राहत नाही. मी जनावरांची डॉक्टर. माझी निम्मी जनावरं डोंगरातल्या वस्त्यांवर, आणि तिथला रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. म्हणून ही चारही चाकांना ताकद देणारी जुनी डिझेल गाडी घेतली. दिसायला पत्र्याची पेटी. वेग बेताचा. पण किल्ली फिरवली की सुरू व्हायची आणि जायचं तिथे पोचायची. डोंगरात माझं नाव होतं ते तेवढ्यावरच. माझ्यापेक्षा हुशार डॉक्टर शहरात पुष्कळ होते, पण फोन केल्यावर येणारी मीच होते.

नवऱ्याला मात्र त्या गाडीची दया यायची. "हिच्यात ताकद आहे गं," तो बॉनेटवर हात ठेवून म्हणायचा, "कंपनीने दाबून ठेवली आहे." म्हणजे कंपनीतले सगळे इंजिनियर वर्षानुवर्षं एकत्र बसून ताकद दाबत होते, आणि ती मोकळी करायला नियतीने एक चष्मेवाला नेमला होता.

सुरुवात श्वासापासून झाली. मोबाइलवर काळा गॉगल लावलेला एक गृहस्थ त्याला सांगत असे की इंजिनाला मोकळा श्वास घेऊ द्या. नवऱ्याने एअर फिल्टरचा डबा काढला, ड्रिल घेतलं आणि डब्याच्या बुडाला भोकं पाडून त्याची चाळण केली. "ऐकलंस? आता कशी श्वास घेते!" मी ऐकलं. म्हाताऱ्या दमेकऱ्याला जिना चढवल्यासारखं वाटत होतं.

मग त्याने डिझेल पंपाचा स्क्रू पिळला. गाडी काळा धूर ओकायला लागली. शेजारणीने वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवायला नेल्या आणि माझ्याशी बोलणं सोडलं. "काळा धूर म्हणजे ताकद," नवरा म्हणाला. या हिशेबाने स्मशानाइतकी ताकदवान जागा गावात दुसरी नसेल, असं मी म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "काही शुभ बोलशील तर शपथ."

पुढे इंजिनाची ऊब राखणारा थर्मोस्टॅट गेला. इंजिन थंड राहिलं पाहिजे म्हणून त्याने तो काढूनच टाकला. इंजिन इतकं थंड राहिलं की गाडीतला हीटर बंद पडला. थंडीच्या सकाळी मी बर्फासारखे हात घेऊन गोठ्यात पोचायचे आणि तेच हात गाईच्या पोटात घालायचे. गाईंनी काय मत व्यक्त केलं ते माझ्या मांडीवर निळं उमटलेलं आहे. मग सायलेन्सर कापला. आधी मी पोचेपर्यंत जनावर दावणीला शांत उभं असायचं. आता गाडीचा आवाज ऐकूनच ते दावं तोडून पळायचं, आणि आजारी जनावर शोधण्यापासून उपचार सुरू व्हायचे.

या सगळ्या सुधारणांनंतर गाडी माझ्या हातून सुरूच होईना. तिला सुरू करायची एक पूजा झाली होती: अमुक वेळा ॲक्सिलरेटर दाबा, थांबा, किल्ली अर्धी फिरवा, पुन्हा थांबा, मग शिव्या न देता पूर्ण फिरवा. शेवटची पायरी मला जमत नव्हती. त्यामुळे प्रत्येक फोनला मी आधी दुकानात फोन करायचा, नवऱ्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरून चाचणीच्या काचा काढायच्या, दुकानाला कुलूप लावायचं आणि माझा ड्रायव्हर व्हायचं. वस्त्यांवर मी उशिरा पोचायला लागले. लोक तोंडावर काही म्हणत नव्हते. फोन मात्र कमी झाले, आणि मला रात्री झोप लागेनाशी झाली.

"अहो, मला ताकद नको आहे," एकदा जेवताना मी म्हटलं. "मला पोचायचं आहे."

"अगं, पोचायलाच तर ताकद लागते."

"याआधी मी काय चालत जायचे?"

"तो बिचारा सुट्टीचा दिवस तुझ्या गाडीखाली घालवतो," सासूबाई म्हणाल्या. "दुसरे नवरे बघ."

मी दुसरे नवरे बघितले. ते सुट्टीच्या दिवशी झोपतात. मला फार हेवा वाटला.

शेवटची सुधारणा म्हणजे सोंड. इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणारा एक काळा पाइप त्याने काचेच्या कडेने वर नेला. त्याला खरं नाव स्नॉर्केल, पण गल्लीतल्या पोरांनी सोंड म्हटलं आणि तेच राहिलं. "आता छातीभर पाण्यातून जाऊ," नवरा म्हणाला.

"वाटेत एक ओढा आहे आणि त्याला गुडघाभर पाणी असतं. मी पहिल्या गिअरमध्ये हळू जाते, कधी काही होत नाही."

"आता हळू जायची गरजच नाही!"

गॅरेजवाल्याला दाखवून तरी घ्या, असं मी सुचवलं. गॅरेजवाला जुन्या वळणाचा आहे, नवीन गोष्टी त्याला समजत नाहीत, असं मला कळलं.

त्यानंतर ओढ्यापलीकडच्या मावशीचा फोन आला. मावशी एकटी राहते, दोन गाई आणि एक कालवड घेऊन. त्या कालवडीचं हे पहिलंच वेत. "डॉक्टरीणबाई, एकच पाय बाहेर आलाय. डोकं दिसत नाही. लवकर या." वासराने डोकं मागे वळवलं असेल तर ते हाताने सरळ करावं लागतं. वेळेत केलं तर दोघंही वाचतात. हे मी नवऱ्याला गाडीत नीट समजावून सांगितलं. त्यानेही नीट ऐकलं आणि म्हणाला, "म्हणूनच तर सोंड लावली."

ओढा आला. मी म्हटलं, "हळू." मी म्हटलं, "पहिला गिअर." मी त्याचा दंडही धरला. त्याने गाडी अशी घातली की पाणी भिंतीसारखं उठून बॉनेटवर आलं. मधोमध पोचल्यावर इंजिनाने एक आचका दिला आणि सगळं शांत झालं. सायलेन्सर कापल्यापासून एवढी शांतता मी त्या गाडीत ऐकली नव्हती. नवऱ्याने पुन्हा किल्ली फिरवली. आतून कड् असा आवाज आला, हाड मोडल्यासारखा.

तो पाण्यात उतरला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंतच होतं. बॉनेट उघडून त्याने एअर फिल्टरचा डबा सोडवला आणि वर उचलला, तशी त्याच्या बुडातून झारीसारखी धार लागली. त्याने एकदा टपावरच्या सोंडेकडे बघितलं, एकदा भोकांकडे बघितलं. वरून हवा घ्यायची सोय करताना खालची भोकं बुजवायची राहिली होती. इंजिनाने नाक वर ठेवून बुडाने पाणी प्यायलं होतं.

"ही भोकं…" तो म्हणाला.

"श्वास," मी म्हटलं आणि बॅग उचलली.

मावशीची वस्ती चढावर आहे. गाडीने ती ओढ्याला लागूनच वाटते, पायी मात्र संपता संपत नाही. भिजलेल्या बुटांनी मी पळत होते, थांबत होते, पुन्हा पळत होते. मागून नवरा दोऱ्या आणि बादली घेऊन येत होता. मी मागे वळून एकही टोमणा मारला नाही, यावरून मी किती घाबरले होते ते समजा.

कालवड आडवी पडली होती आणि कळा देणंही तिने सोडलं होतं. मी हात आत घातला. डोकं मागे वळलेलंच होतं. मी ते सरळ केलं, दोरी बांधली, नवऱ्याला म्हटलं ओढा, तो ओढायला लागला. म्हटलं थांबा, तो थांबला. वासरू बाहेर आलं. मी त्याच्या नाकातला चिकटा काढला, त्याला चोळलं, उलटं धरलं, छाती दाबली. ते अजून ऊन होतं. पण गेलेलं होतं, आणि फार वेळ झाला नव्हता. डोळ्यांवरून ते मला कळलं, आणि मी पुन्हा पुन्हा छाती दाबत राहिले.

कालवड वाचली. तिला इंजेक्शन दिलं, अंगावर पोतं घातलं. मावशीने वासरावरही एक पोतं टाकलं. मग ती आत जाऊन कोरडा टॉवेल घेऊन आली आणि तो नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला.

"किती भिजलात हो. एवढं ओझं घेऊन चालत आलात." मग ती माझ्याकडे वळली. रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं. "डॉक्टरीणबाई, वाईट वाटून घेऊ नका. पण जरा लवकर निघाला असतात तर? पूर्वी तुम्ही कशा लगेच यायच्या. आता वरच्या वस्तीवरची माणसंही म्हणतात, दुसरा डॉक्टर बघावा."

मी बादलीत हात धूत होते. काय सांगणार? नवऱ्यामुळे उशीर झाला म्हणावं, तर नवऱ्यावर ढकलणारी बाई म्हणून नाव व्हायचं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याची वाक्यं मला पाठ होती. डिझेल भेसळीचं होतं, रस्ता खराब होता, आणि आज ओढ्याला पाणी फार होतं.

"मावशी," तो म्हणाला, "ही फोन आल्या आल्याच निघाली होती. उशीर माझ्यामुळे झाला. गाडी चांगली होती. मी बिघडवली."

मावशीला ते समजेना. "तुम्ही कशी बिघडवाल? तुम्हाला तर गाडीतलं सगळं कळतं म्हणतात."

"नाही कळत," तो म्हणाला. "काही नाही कळत."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी काय वाट्टेल ते दिलं असतं. त्यावर काय बोलायचं तेही ठरलेलं होतं, चांगली धारदार उत्तरं घासूनपुसून ठेवली होती. पण तो ते वासरावरच्या पोत्याकडे बघत म्हणाला. या माणसाची मला लाज वाटत होती, त्याची कीवही येत होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तो माझ्या बाजूने उभा राहिला होता. त्यासाठी एक वासरू जावं लागलं.

मावशीने माझ्या ओल्या हातांकडे बघितलं. मग तिने त्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला आणि माझ्या हातात दिला.