सावलीतले तीन प्रश्न

गच्चीवर डांबर अंथरणाऱ्या त्या टोळीत दाजींची जीभ सगळ्यांत तिखट. त्यांचा धाकटा मेहुणा त्याच टोळीत होता, म्हणून अख्खी टोळी एकाला दाजी आणि दुसऱ्याला मेहुणा म्हणायची. खरी नावं मुकादमालाही आठवावी लागत.

ऊन वाढलं तसा मुकादमाने नियम काढला. शिट्टी झाली की काम टाकून ताडपत्रीखाली यायचं, पाणी प्यायचं आणि आपल्या जोडीदाराला तीन प्रश्न विचारायचे: नाव काय, आज वार कोणता, घरी कोण आहे. ऊन डोक्यात शिरलं की माणूस असंबद्ध बोलतो. उत्तर चुकलं की त्याला लगेच खाली न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि गाडी बोलवायची. नियम चांगला होता. फक्त तो दाजींच्या तावडीत सापडला.

"नाव?"

"राजाधिराज."

"वार?"

"सुट्टीचा. मुकादमाला कळलेलं नाही अजून."

"घरी कोण?"

"तुझी बहीण! म्हणून तर उन्हात गार वाटतं."

मग दाजी मेहुण्याकडे बघून डोळा मिचकावत आणि टोळी हसून लोळायची. "मस्करीची कुस्करी होईल एक दिवस," मुकादम ओरडायचा. पुढे पुढे तोही हसायला लागला.

त्या दुपारी दाजी सावलीत आले ते भिंत धरून. सगळे घामाने निथळत होते, दाजींचं कपाळ मात्र कोरडं ठणठणीत. मेहुण्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि सवयीने विचारलं. दाजींनी नाव सांगितलंच नाही. वार विचारला तर म्हणाले, "रात्र आहे."

"घरी कोण?"

"कोणीच नाही."

हशा पिकला. मेहुणाही हसला. दाजींनी डोळा मिचकावला नाही हे त्याने पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं. शिट्टी झाली, सगळे उठले, आणि थोड्याच वेळात दाजी हातातल्या डांबर पसरायच्या झाडूसकट कोसळले.

इस्पितळात ताई नवऱ्याच्या उशाशी बसून होती, मेहुणा पायथ्याशी. त्याला रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. आत काही हलतच नव्हतं. नखातलं डांबर तो खरवडत बसला होता. ताईला त्याने काही सांगितलेलं नव्हतं.

"शुद्ध आलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण डोक्याला उष्णता फार लागलीय. माणसं ओळखतात का, ते आता बघू." त्या वाकल्या. "घरी कोण आहे तुमच्या?"

दाजींनी ताईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोणीच नाही."

ताईला एकदम हसू फुटलं. हसता हसता ती पदराने डोळे पुसू लागली. "बघितलंस? मरणाच्या दारातून आले, पण खोड काही जात नाही! आला गं बाई माझा माणूस थाऱ्यावर."

मेहुणा दाजींच्या डोळ्यांकडे बघत राहिला. पापणी हलेल म्हणून थांबला, आणखी थोडा थांबला.

"हस की रे," ताई म्हणाली.

तो हसला.