ट्रेम्बाथांच्या फंडाची किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे, मित्रांनो. पण मला दात नाहीत आणि मी कुठल्याच कुलुपात जात नाही. अंगठ्याएवढं माझं काळं अंग, त्यावर दोन बटणं आणि नखाएवढा पडदा. तुम्ही ज्याला क्रिप्टो म्हणता, ते हाताला न लागणारं चलन जगभरच्या संगणकांत नोंदलेलं असतं. ते इकडचं तिकडे करायची गुप्त खूण तेवढी माझ्या पोटात राहते.

कारखान्यातून निघाले ती मी थेट दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू बंदरावर, ग्वेंडा आणि मर्व्ह ट्रेम्बाथ या नवराबायकोच्या घरी आले. मर्व्ह धक्क्याजवळच्या धान्याच्या कोठारांवर कामाला, ग्वेंडा शाळेच्या ग्रंथालयात. म्हातारपणाची पुंजी परक्या कंपनीच्या हाती न देता आपला निवृत्ती फंड आपणच सांभाळायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. फंडाचे विश्वस्त तेच, आणि साठी गाठून काम सुटेपर्यंत त्याला हात न लावण्याचं बंधनही त्यांच्यावरच. ग्वेंडा हे बंधन व्रतासारखं पाळायची. घेतला वसा टाकू नये, असा तिचा स्वभाव.

फंडातले बहुतेक पैसे बँकेत आणि शेअर्समध्ये होते. क्रिप्टोत तिने थोडेसेच घातले.

"हे मीठ आहे, मर्व्ह. मिठाने कुणाचं पोट भरत नाही," ती म्हणाली होती.

मग तिने माझ्या पाठीवर लाल नेलपॉलिशने 'फंड' असं लिहिलं. कारण फंडाची वस्तू आणि घरची वस्तू यांची सरमिसळ कायद्याला चालत नाही. मला उघडायचा आकडाही त्यांनी वाटून घेतला. अर्धा तिच्या मनात, अर्धा त्याच्या. तीनदा आकडा चुकला की मी पोटातलं सगळं पुसून टाकते. तो माझा नेम.

मला सगळ्यात आवडायची ती त्यांची सभा. विश्वस्तांनी ठराव केल्याशिवाय फंडातलं काही हलवायचं नाही, म्हणून दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. मधे बटाटा-मांसाच्या सारणाची गरम पेस्टी. एरवी अरे-अगं करणारी ती दोघं सभेत मात्र 'आपण'वर यायची.

"सभेला कोण कोण हजर?" अध्यक्षबाई ग्वेंडा विचारायच्या.

"मी आहे, आपण आहात. मांजर आहे, पण त्याला मत नाही."

"सन्माननीय सदस्यांनी तोंडातला घास संपवून बोलावं."

पहिल्या वर्षी भाव चढला आणि माझं फार कौतुक झालं. मर्व्ह मला खिशातून काढून मित्रांना दाखवायचा. मग भाव असा कोसळला की माझं नावही कुणी घेईना. बिस्किटांच्या डब्यात, सुटी बटणं आणि रबरबँडांच्या सोबतीला, मी धूळ खात पडले. ग्वेंडा तेवढी अधूनमधून मला पुसायची. "मीठच सांडलंय, पीठ नाही," म्हणायची.

काही वर्षांनी भाव पुन्हा वर गेला आणि मर्व्हचं मन पाण्यात गेलं. त्याचा मित्र क्लॅरी आपली मासेमारीची बोट विकत होता. पबमध्ये बोलता बोलता मर्व्हने "घेतली!" म्हणून हात मिळवला. वॉलरूत मिळवलेला हात म्हणजे शब्द झाला.

शनिवारी ग्वेंडा चर्चमध्ये फुलं रचायला गेली होती. मर्व्हने बोटीच्या पैशांसाठी मला डब्यातून काढलं. ग्वेंडाचा अर्धा आकडा म्हणजे लग्नाचं वर्ष असणार, असं समजून त्याने बटणं दाबली. चूक. मग सासूबाईंचा वाढदिवस घातला. तोही चूक. माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली: एकच संधी उरली.

मित्रांनो, मी कोरी झाले असते तरी पैसा बुडाला नसता. मला पुन्हा भरण्याचे शब्द पोलादी पट्टीवर कोरून ग्वेंडाच्या बहिणीकडे ठेवलेले होते. पण ग्वेंडाचा विश्वास पुन्हा भरून देईल अशी पट्टी कुठल्याच कारखान्यात होत नाही.

मर्व्हचा अंगठा बटणावर बराच वेळ थबकला. मग त्याने मला हळूच टेबलावर ठेवलं आणि तो दारात जाऊन बसला.

"ग्वेन, सभा बोलाव," ती फाटकातून आत येताच तो म्हणाला.

"आज? अरे, पेस्टीसुद्धा नाही घरात!"

"तातडीची आहे."

त्याने सगळं सांगितलं.  किटली शिट्टी मारून मारून दमली, तरी ग्वेंडा जागची उठली नाही.

शेवटी तिने विचारलं, "लग्नाचं वर्ष तरी बरोबर घातलंस ना?"

"बहुतेक."

"बहुतेक!" ती रागावायला गेली आणि तिला हसूच फुटलं. मग डोळे पुसून अध्यक्षबाई सरसावून बसल्या. "सन्माननीय सदस्य, फंडाने बोट घेतली तर ती फंडाची. तिच्यात बसून खेकडे धरायला कायद्याची बंदी. आपण काठावर उभं राहून तिला हात हलवणार का?"

"पण मी क्लॅरीशी हात मिळवलाय, त्याचं काय?"

"हात तू मिळवलास, फंडाने नाही. शब्द तुझ्याच हातांनी पाळ."

ठराव नामंजूर झाला. मर्व्ह तसाच क्लॅरीकडे गेला आणि पैसे नाहीत असं त्याने खरं ते सांगून टाकलं.

"मग रे, तोंड घेऊन आलास फक्त?" क्लॅरी म्हणाला.

"तोंड नको, हात घे. बोट घासतो, रंगवतो, इंजिन उघडतो. बदल्यात अर्धी बोट माझी."

अख्खा हिवाळा मर्व्ह सुट्टीच्या दिवशी रंगाने माखून घरी यायचा. उन्हाळ्यात बोट पाण्यात उतरली. पहिल्याच दिवशी ग्वेंडा टोपी दाबून पुढे बसली आणि संध्याकाळी बादलीभर निळे खेकडे घेऊन दोघं भांडत भांडत परतली. जाळं कुणी उशिरा ओढलं, यावर.

मी घरात बंद होते. माझ्या पोटातलं सगळं जागच्या जागी होतं.

मित्रांनो, उद्यासाठी बाजूला ठेवलेलं तुमच्याही घरात काहीतरी असेल. त्याला जपा. कधी मोह झाला, तर लाजू नका. मोह माणसालाच होतो. फक्त माझ्यासारख्या मुक्या किल्लीला कोडी घालत बसू नका. घरच्या माणसाजवळ जा आणि विचारा. ते रागावेल, कदाचित हसेलही. पण ते तुम्हाला तीनच संधी देऊन कोरं होणार नाही.