मोडेमची संकष्टी

“तुम्ही मला वेड्यात काढाल,” सर्जेराव म्हणाले, “पण आमचं कुत्रं संकष्टी करतं. माझं बघून शिकलं.”

दूध केंद्रावर उभ्या असलेल्या पाच-सात जणांनी मान वर केली नाही. सर्जेरावांची गोष्ट ऐकताना पिशवी गळते का ते तपासत राहायचं, अशी कर्वेनगरात पद्धतच पडली होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाला पूर्वी खांबावर असताना एका माकडाने पक्कड आणून दिली होती, इथवर लोकांनी ऐकून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच माकडाने नंबर फिरवून तक्रार नोंदवली, हेही ऐकून घेतलं होतं.

पण या वेळी पुरावा हातात होता. मोडेम म्हणजे केसांसकट तीन किलोचं पॉमेरेनियन. इंटरनेट जोडताना यंत्र जसं किंचाळतं तसं हे भुंकतं, म्हणून सर्जेरावांच्या कॉम्प्युटरवाल्या मुलाने, सौरभने, ठेवलेलं नाव. त्या दिवशी खरोखर चतुर्थी होती. एकाने मोडेमसमोर बिस्किट धरलं. मोडेमने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

दहा मिनिटांपूर्वी त्याने सर्जेरावांची पोह्यांची बशी चाटूनपुसून साफ केली होती, हे फक्त सर्जेरावांना ठाऊक होतं. आणि ते कशाला सांगतील?

बातमी तीन सोसायट्यांत फिरली. पुढच्या संकष्टीला बघायला माणसं आली, एका आजींनी तर कुत्र्याला हात जोडले. आता पंचाईत अशी की, मोडेमसमोर कुणी काही धरलं तर तो हातासकट खाईल. मग सर्जेरावांनी त्याला दिवसभर कडेवरच ठेवला. “उपवास आहे त्याचा, लालूच दाखवू नका.” वाटी सकाळपासून पालथी. मोडेम झोपला की सर्जेराव स्वतः हळूच कोपऱ्यावर जाऊन मिसळ खाऊन येत, कारण उपवास त्यांना सोसत नसे.

त्या संध्याकाळी मोडेमचे पाय ताठ झाले. तोंडाला फेस आला, आणि आडवा पडून तो हवेत सायकल चालवल्यासारखे पाय मारू लागला. मिनिटभराने थांबला. खराडीच्या ऑफिसातून आलेल्या सुनेने, चैतालीने, तारीख लिहून ठेवली. “बाबा, पुन्हा असं झालं तर ताबडतोब दवाखान्यात न्यायचं.”

“समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर बसवलाय ना,” सर्जेराव म्हणाले, “त्याचा करंट उतरतो.” सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ते पटलं. ही त्यांची जुनी खोड.

आणि आज, पुढच्या संकष्टीला, वाटी तशीच पालथी असताना दुपारी तीनला मोडेम पुन्हा आडवा झाला.

सर्जेरावांनी रिक्षा पकडली. मांडीवर टॉवेल, टॉवेलात मोडेम. त्याचं डोकं त्यांच्या तळहातात मावत होतं. एरवी हा प्राणी रिक्षात बसला की सिग्नलवरच्या प्रत्येक स्कूटरला शिव्या घालायचा.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर जिनतबाईंनी आधी साखरेचं दाट पाणी त्याच्या हिरड्यांना चोळलं, मग कानाला बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब तपासला.

“साखर पार उतरलीय. पस्तीस. काका, एवढ्याशा कुत्र्याला झटका यायची कारणं ढीगभर असतात. उंदराचं औषध खाल्लंय?”

“छे. उंदीर आमच्याकडे येत नाहीत. मी त्यांना सोसायटीची मीटिंग ऐकवतो.”

“चॉकलेट? बिनसाखरेचं च्युइंगम? डोक्याला मार?”

“टॉवरचा करंट,” सर्जेराव म्हणाले.

“टॉवर तुमच्या साखरेला हात लावत नाही, याच्या का लावेल? सकाळी खाल्लं होतं का त्याने?”

इथे सर्जेरावांची जीभ सवयीने पुढे गेली. “भरपेट. दूध-पोळी.”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. “मग सोपं नाही. हे असं इवलंसं कुत्रं उपाशी राहिलं की साखर उतरते, तो उपाय सोपा. पण भरल्या पोटी उतरते म्हणजे आत काहीतरी आहे. यकृत, नाहीतर स्वादुपिंडात गाठ. सोनोग्राफी लिहून देते. कदाचित पोट उघडावं लागेल.” त्या लिहू लागल्या.

सर्जेरावांनी टेबलावरच्या त्या पोटाकडे पाहिलं. दोन विती सुद्धा नव्हतं. उघडणार कुठून?

बाकावर सोजरबाई बसल्या होत्या, पोट फुगलेली शेळी घेऊन. शिवणे गावाहून आल्या होत्या, आणि मघा नंबर लावताना त्यांनी विचारलं होतं, “बाबा, तुमचाबी उपास दिसतोय, तोंड उतरलंय.” सर्जेराव म्हणाले होते, “निर्जळी.”

आता सोजरबाईंनी मांडीवरचं फडकं सोडलं. आत उकडलेली रताळी होती, रात्री चंद्र बघून खायला ठेवलेली. मोडेमचं नाक हललं. मग कान. मग तो लटपटत उठून बसला.

“देऊ का गं ताई, जरासं?”

“द्या, थोडंसंच,” जिनतबाई म्हणाल्या.

रताळ्याचा तुकडा तोंडात जाऊन पोटात पोचला तो मधे कुठे थांबलाच नाही. दुसराही गेला. तिसरा मिळेना तेव्हा मोडेम फडकंच चावायला लागला.

पेन थांबलं. “काका, सकाळी भरपेट म्हणालात ना?”

आयुष्यभर बोललेल्या खोट्याने सर्जेरावांना कधी घाम फुटला नव्हता. तो आता फुटला. खरं सांगायचं होतं, पण इतक्या वर्षांत ते तोंड वापरातच नव्हतं. शब्द ओठापर्यंत यायचा आणि वाट न सापडून परत जायचा. शेवटी त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. जवळ होती नव्हती त्यांतली सगळ्यांत फाटकी थाप त्यांनी निवडली, बालवाडीतलं पोरसुद्धा पकडेल अशी.

“भरपेट नाही, बाई. वाटी पालथीच होती. मागच्या झटक्याच्या दिवशीही. संकष्टी करतो तो, स्वतःहून. चंद्र उगवल्याशिवाय घास घेत नाही.”

“मग आत्ता कसा घेतला?”

सर्जेरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. चारचं ऊन स्कूटरच्या सीटवर तापत होतं.

“उगवला असेल,” ते म्हणाले. “आज जरा लवकर.”

जिनतबाईंनी सोनोग्राफीवर काट मारली. खाली लिहिलं, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं, न चुकता. मग हसू दाबत त्यांनी सोजरबाईंकडे बघितलं.

सोजरबाईंनी हात पदराला पुसला आणि शेळीची दोरी आवळली.

“चंद्र उगवला न्हाय, आन् उपास त्या मुक्या जिवाचाबी न्हाय,” त्या म्हणाल्या. “पहाटेपास्नं मी उपाशी हाय, बाबा. निर्जळी करणाऱ्याच्या मिशीला मिसळीची तर्री नसती.”